बंद पडलो, काय पाडलो?

आमच्या घरात ‘आपोआप’ हा शब्द चालत नाही. मिक्सर बंद पडला तर बंद पडला म्हणावं, काच फुटली तर फुटली म्हणावं, पण कुणी ‘आपोआप’ म्हटलं की दुसरा हातातलं काम टाकून त्याच्या तोंडाकडे बघायला लागतो. परवा जामसंड्याच्या या नव्या घरात सुमाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, स्वयंपाकघरातला गाण्यांचा डबा मुका झाला. मी नुसता जवळून गेलो होतो. जाताना त्याची वायर पायात आली, एवढंच. काय झालं म्हणून तिने विचारलं तर माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आपोआप’. सुमा ओट्याला टेकून हसत सुटली, मग मीही हसलो, आणि मग दोघांचंही हसणं जरा लवकरच थांबलं. दोघांनाही वेंगुर्ल्याचा गडगा आठवला होता आणि गडग्यापलीकडच्या सिसिल टीचर.

वेंगुर्ल्याला मी कॉलेजात शिकवायला होतो तेव्हा आम्ही त्यांच्या शेजारी भाड्याने राहायचो. दोन परसांच्या मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण होतं आणि सगळा व्यवहार त्याच्यावरूनच चालायचा. टीचर ठेंगण्या, अंगात कायम फुलाफुलांचा झगा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा जुझे बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला आणि एकुलता एक लुईस पोर्तुगालात कामाला. तो दर रविवारी फोन करायचा आणि दर रविवारी म्हणायचा, ‘मायें, आता हय ये.’ टीचर दर रविवारी म्हणायच्या की येईन, पण या वर्षी नको.

घरापुढे दोन्ही बाजूंना बाक बांधलेला सोपा होता. तिथे बसून त्या गावातले बिघडलेले गाण्यांचे डबे दुरुस्त करायच्या. हे डबे तुम्ही पाहिले असतील. वीतभर लांब, आत कार्ड घालायचं, वर चार बटणं. आमच्याकडे होडीवर, काजूच्या कारखान्यात, भजनाच्या खोलीत, जिथे बघाल तिथे एक वाजत असतो, आणि खारी हवा तर कुणालाच सोडत नाही. टीचरांकडे फक्त हेच डबे चालायचे. पंखा किंवा मिक्सर कुणी आणला तर उंबऱ्यावरूनच परत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, ‘मिक्सर बंद पडलो तर घरात पाटो आसा. गाणी बंद पडली तर काय आसा?’

त्यांची हत्यारं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात असायची. बारीक स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, स्पिरिटची बाटली आणि जुझेचा दाढीचा ब्रश. त्या ब्रशने त्या आतली धूळ झाडायच्या. पण ही सगळी हत्यारं नंतरची. आधी त्या यंत्र नाकाशी नेऊन हुंगायच्या. मग कानाशी धरून हलवायच्या. मग ते बाजूला ठेवून आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या आणि विचारायच्या, ‘बंद पडलो, काय पाडलो?’ म्हणजे, बंद पडला की कुणी पाडला?

त्यांचं म्हणणं असं की यंत्राची तक्रार यंत्राला विचारायची नसते. घरात काय झालं ते एकदा कळलं की अर्धी दुरुस्ती झाली. आणि माणसं ते सोडून बाकी सगळं सांगतात. वर्गात बाक मोडला की चाळीस पोरं एका सुरात ‘आपोआप’ म्हणायची, तेव्हापासून त्यांचा त्या शब्दावर राग होता. मजुरी त्या कुणाकडूनही घेत नसत. खरं काय ते सांगायचं, की झालं. तुम्हाला वाटेल स्वस्तात पडलं. वेंगुर्ल्यातल्या कित्येकांनी त्यापेक्षा नवा डबा घेतला.

आमची ओळख अशीच झाली. आम्ही राहायला जाऊन थोडेच दिवस झाले होते आणि आमचा डबा बंद पडला. सुमाने तो माझ्या हातात दिला आणि शेजारच्या बाई दुरुस्त करतात म्हणे, असं सांगितलं. मी गेलो. टीचरांनी हुंगला, हलवला, प्रश्न विचारला. मी प्राध्यापकी मराठीत सांगितलं की तो आपोआप बंद पडला आहे. त्यांनी माझ्या तोंडाकडे चांगलंच निरखून पाहिलं.

मग त्या म्हणाल्या, ‘तू खोटां बोलणस नाय. तुका खरांच ठावक नाय. बायलेक हाड.’

सुमाला बोलावलं. ती गडग्यापाशी आली तीच मान खाली घालून. टीचरांनी तिला काही विचारलंच नाही, नुसता डबा तिच्या नाकाखाली धरला आणि म्हणाल्या, ‘सोलकढी. लसूण जरा चडच पडली.’ सुमाने वाटी कशी कलंडली, मग डबा फडक्याने कसा पुसला आणि मला का सांगितलं नाही, ते सगळं एका दमात सांगून टाकलं. टीचरांनी शांतपणे ऐकलं आणि सोलकढी कशी करतेस ते विचारलं. तिथून त्या दोघींचं जे जमलं ते मला बाहेर ठेवूनच. डबा संध्याकाळपर्यंत गायला लागला होता, पण त्याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं.

काजूच्या कारखान्यातल्या बायकांचा किस्सा तर गावभर झाला होता. काजू फोडायच्या त्या शेडमध्ये एकच डबा वाजायचा आणि त्याच्यावरून रोज भांडण. शेवंतीला भजनं हवी, पार्वतीला सिनेमाची गाणी. एकीचं गाणं लागलं की दुसरी उठून पुढचं गाणं आणायचं बटण दाबायची. बटण दाबून दाबून शेवटी आतच अडकलं आणि डबा एका गाण्याच्या दोन ओळीसुद्धा धड म्हणेना, आपला पुढे पुढे पळत सुटला. दोघी मिळून डबा घेऊन आल्या. त्याआधी कित्येक महिने दोघी मिळून कुठे गेल्या नव्हत्या.

टीचरांनी हुंगला आणि काजूच्या टरफलाचं काळं तेल बरोबर ओळखलं. दोघी एकमेकींकडे बोट दाखवायला लागल्या. टीचर म्हणाल्या, बोटं माझ्याकडे करा. दोघींची बोटं काळी होती. मग त्यांनी रॉकेलने बटणं धुतली, ब्रशने साफ केली, डबा पूर्ववत सुरू केला, आणि शेवटी ते पुढचं गाणं आणायचं बटण उपटून काढून भोकावर मेण घातलं. पार्वती म्हणाली, हे काय केलंत? टीचर म्हणाल्या, ‘आता लागात तां आयका.’

तो डबा अजून त्या शेडमध्ये आहे असं सुमाला कुणीतरी फोनवर सांगितलं. शेवंती आता सिनेमाची गाणी गुणगुणते आणि पार्वती भजनाला टाळ्या देते. भांडण नाही असं नाही, पण ते आता दुसऱ्या विषयांवर असतं.

भास्करचं प्रकरण जरा गंभीर होतं. तो आमच्या भागातला मच्छीमार, होडीवर जाताना डबा गळ्यात अडकवणारा. त्याचा डबा समुद्रात पडला. म्हणजे ‘आपोआप’ पडला. त्याने काय करावं? तो टीचरांकडे आला नाही. घाबरला. आधी देवळात जाऊन गाऱ्हाणं घातलं, देवाने कौल चांगला दिला, म्हणजे डबा सुधारणार हे पक्कं झालं. मग त्याने तो अंगणात सोलांच्या बरोबर उन्हात वाळत घातला. आठवडाभर वाळवला. कोकमं उत्तम वाळली. डबा काही बोलेना. तेव्हा कुठे तो सोप्यावर आला आणि देवाने हो म्हटलंय, हे आधीच सांगून मोकळा झाला.

‘तुझ्या देवान माका विचारल्यान?’ टीचर म्हणाल्या.

खरं बाहेर यायला वेळ लागला नाही. भास्करने साथीदाराला मारायला म्हणून डबा उगारला होता, साथीदार खाली वाकला. टीचर त्याबद्दल रागावल्या नाहीत. त्या रागावल्या ते त्याने लपवलं म्हणून. समुद्राचं पाणी गेलं होतं तर त्याच दिवशी आणायचा, मी गोड्या पाण्याने धुतला असता आणि तो वाचला असता, असं त्या म्हणत होत्या. तरी त्यांनी गॅरेजातून गाड्यांच्या बॅटरीत घालायचं पाणी मागवलं आणि माझ्या डोळ्यांदेखत उघडा डबा त्यात बुडवला. मी ओरडणारच होतो. त्यांनी मला सांगितलं की मीठ पाण्यानेच जातं, उन्हाने नाही, ऊन मिठाला आत बसवतं. पुढे तो डबा वाजला, पण एकाच बाजूने. दुसरा स्पीकर गंजून गेला होता. भास्करला त्या म्हणाल्या, ‘लपयलंस म्हणान गेलो. येळार हाडलो असतंस तर दोनय वाजले असते.’ देवाने निम्मा शब्द पाळला, असं भास्कर लोकांना सांगायचा.

स्वतःच्या वस्तूंत त्यांची एकच लाडकी होती. अंगठ्याएवढं गाणी ऐकायचं जुनं यंत्र, कानात घालायच्या दोन बोंडांसहित. चर्चमधल्या गाण्याच्या चमूला त्या शिकवायच्या. टीचरांना स्वतःला ज्यांनी शिकवलं ते म्हातारे मेस्त, म्हणजे चर्चचे गायनमास्तर, म्हापशाला लेकीकडे जायच्या आधी नाताळच्या सगळ्या गाण्यांचे चारही आवाज वेगवेगळे व्हायोलिनवर वाजवून त्यात भरून गेले होते. बायकांचे दोन, पुरुषांचे दोन. टीचर एक बोंड डाव्या कानात घालायच्या, उजवा कान घरासाठी मोकळा ठेवायच्या, दूध उतू जातंय का, दारात कोण आलंय का, ते ऐकायला. आधी स्वतः आवाज पक्का करायच्या आणि मग एकेकाला शिकवायच्या. चमूतल्या तरुण मंडळींचं म्हणणं होतं की हल्ली तयार संगीत मिळतं, ते स्पीकरवर लावावं आणि त्याच्याबरोबर गावं, शिकवत बसायची कटकट नाही. टीचरांनी एवढंच विचारलं होतं, ‘डबो गातलो, मगे आपण थय कित्या उभी रवायची?’ पण दर वर्षी ही कुजबुज थोडी मोठी होत होती, आणि टीचर कुठे चुकल्या की ती खरी होणार हे त्यांनाही माहीत होतं.

त्या वर्षी डिसेंबर लागला तेव्हा एका सकाळी त्या गडग्यापाशी आल्या. हातात रुमाल, रुमालात ते यंत्र. सुमा तांदूळ निवडत होती, मी पेपर वाचत होतो.

‘ह्यां बंद पडलां,’ त्या म्हणाल्या. ‘जरा तुमी बघा.’

सगळ्या गावाचे डबे बघणाऱ्या बाई आम्हाला बघायला सांगत होत्या. सुमाने सूप खाली ठेवलं. मला वाटतं तिला आधी गंमतच वाटली. तिने यंत्र घेतलं, अगदी टीचरांसारखं नाकाशी नेलं, कानाशी हलवलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत विचारलं, ‘टीचर, बंद पडलां काय पाडलां?’

टीचरांनी चष्मा वर सरकवला आणि दुसरीकडे बघत म्हणाल्या, ‘आपोआप.’

सुमा हसली नाही. हसणारच होती, पण थांबली. तिने यंत्र उलटं केलं. मागचे बारीक स्क्रू पार झिजले होते, कडा उडालेल्या. दुसऱ्या कुणी असे स्क्रू आणले असते तर टीचरांनी त्याला सोप्यावर बसूच दिलं नसतं. महिनाभर तरी कुणीतरी रोज ते उघडत आणि लावत होतं. सुमाने एक बोंड स्वतःच्या कानात घातलं, दुसरं माझ्या हातात दिलं, बटण दाबलं.

व्हायोलिन स्वच्छ वाजत होतं. दोन्ही बाजूंनी. इतकं स्पष्ट की मेस्तांचा श्वास ऐकू येत होता.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग त्यांच्याकडे. टीचर आमच्या तोंडाकडेच बघत होत्या. आमच्या तोंडावर जे दिसायला नको होतं ते त्यांना दिसलं. मला आयुष्यात इतकं वाईट फार थोड्या वेळा वाटलं आहे. त्या आशेने आल्या होत्या. यंत्र बिघडलंय असं आम्ही म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

सुमाने गडग्यावरून हात पुढे केला आणि त्यांचा हात धरला. मग त्यांनी सांगितलं. गणपतीच्या दिवसांत एका सकाळी उठल्या तर डाव्या कानात काहीच नाही. आधी बोंड बदललं, मग वायर, मग यंत्र उघडलं. बोंडं उलटी करून उजव्या कानात घातली त्या क्षणीच त्यांना कळलं होतं, आणि तरी रोज संध्याकाळी त्या यंत्र उघडून बसत होत्या. लुईसला कळलं तर तो पुढच्या विमानाने येऊन घेऊन जाईल. चमूला कळलं तर नाताळला स्पीकर लागेल. ‘म्हणान उघडी आणि बंद करी,’ त्या म्हणाल्या. ‘बिचाऱ्याचो काय एक दोष नाय.’

आम्ही त्यांना कुडाळला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण, सज्जन माणूस. त्यांनी सगळं तपासलं आणि सांगितलं की नस गेली आहे, लगेच आला असतात तर काही प्रयत्न करता आला असता, आता परत येणार नाही. उजवा कान मात्र उत्तम आहे. टीचरांनी विचारलं की हे कशाने झालं. डॉक्टर म्हणाले, नक्की कारण सापडत नाही, कधीकधी असं आपोआप होतं.

टीचर डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तो बिचारा अवघडला, त्याने कागद सारखे केले. मला ते बघणं माहीत होतं. त्या खोटं शोधत होत्या. शेवटी त्यांनी मान हलवली आणि पर्स उचलली. येताना गाडीत त्या भास्करबद्दल बोलत होत्या. भास्करला उगाच ओरडले, म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, उगाच नाही, बरोबरच ओरडले होते, पण त्याला भीती वाटली असणार हे तेव्हा लक्षात आलं नाही.

रविवारी लुईसचा फोन आला तेव्हा त्यांनी आम्हाला सोप्यावर बोलावून घेतलं आणि फोनचा आवाज मोठा करून बाकावर ठेवला. एकटीने सांगायला जमेना, असं त्यांनी सरळ सांगितलं. नेहमीची विचारपूस झाली. मग त्या म्हणाल्या, ‘लुईस, माझो डावो कान बंद पडलो.’

पलीकडून लुईस सवयीने म्हणाला, ‘पडलो, काय पाडलो?’ त्याचं सगळं लहानपण या प्रश्नाला उत्तरं देण्यात गेलं होतं. आता हिशेब फिटला असं वाटून तो थोडा हसलाही.

‘आपोआप रे पुता,’ टीचर म्हणाल्या.

लुईसचं हसणं थांबलं. त्या घरात तो शब्द कधी चालला नव्हता हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? मग तो म्हणाला, ‘बरां मायें. आपोआप तर आपोआप. उजवो आसा मगे?’

‘आसा.’

‘मगे ह्यां नाताळ गावन घे. माका घाई नाय.’

चमूलाही त्यांनी स्वतःच सांगितलं, पुढच्या तालमीला, सगळ्यांना रांगेत उभं करून. स्पीकरचं नाव त्या वर्षी निघालं नाही. त्या उजव्या कानात बोंड घालून शिकायला लागल्या आणि तेवढा वेळ घराला काही ऐकू येत नाही म्हणून सुमा त्यांचं दूध बघायला जायची. दोनदा उतू गेलं. दोन्ही वेळा टीचरांनी विचारलं आणि दोन्ही वेळा सुमाने खरं सांगितलं, की ती गाणं ऐकत बसली होती.

पुढे उन्हाळ्यात लुईस आला आणि त्यांना घेऊन गेला. त्या आपणहून गेल्या, बिस्किटांचा डबा सामानात घेऊन. आमचीही त्याच सुमारास बदली झाली. निरोपाचा दिवस धावपळीचा होता आणि तो मला नीट आठवतही नाही. मला शेवटच्या म्हणून त्या आठवतात त्या नाताळच्या सकाळी.

चर्च भरलं होतं. सुमा बायकांत पुढे जाऊन बसली होती. मला बसायला जागा नव्हती म्हणून मी बाजूच्या दारात उभा होतो. गाणारे मागच्या बाजूला. एरवी टीचर त्यांच्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या. या वेळी त्या आडव्या उभ्या होत्या, उजवा कान गाणाऱ्यांकडे, डावा वेदीकडे. फादर काय सांगतात ते नाही ऐकू आलं तर चालतं, ते दर वर्षी तेच सांगतात, असं त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं. त्यामुळे झालं असं की त्यांचं तोंड नेमकं माझ्या दाराकडे आलं. सगळी गाणी त्या माझ्याकडे बघत गाऊन घेत होत्या.

बघत होत्या म्हणायचं, पण लक्ष माझ्याकडे नव्हतं. सगळं लक्ष उजव्या कानात. हात हलत होते, मध्येच एक बोट उचललं जायचं, की मागचा कुणीतरी जाडा आवाज गुपचूप खाली यायचा. मला गाण्यातलं फारसं कळत नाही. पण आमच्या परसात तीन आठवडे गडग्यावरून टीचर घोटत असलेला एकेक सुटा आवाज ऐकला होता, आणि ते चारही तिथे एकत्र झाले तेव्हा मी दाराची चौकट धरली.

गाणं संपलं. टीचरांचे हात खाली आले आणि तेव्हा त्यांना मी दिसलो. सगळे होते, लोकांनी भरलेलं चर्च होतं, पण समोर मीच होतो. त्यांनी भुवया उंचावल्या. बरं झालं का, असं त्या विचारत होत्या.

मी ओठांनीच म्हटलं, झालं. सुरेख झालं.

त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर सरकवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, अगदी पहिल्या दिवशी बघितलं होतं तशा. मी हललो नाही. बघू दिलं. बराच वेळ शोधून त्यांना काही सापडलं नाही, तेव्हा त्या हसल्या, उजवा कान पुन्हा मागे वळवला आणि पुढच्या गाण्यासाठी हात वर केले.